सँटोरिनीला जाऊन पास्ता खाणाऱ्यांनो

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचा विषय निघाला की समोरचा माणूस पहिलं काय विचारतो? सनसेट कसा होता. दुसरं विचारतो, फोटो कुठेत. तिथे काय जेवलात, हे कुणी विचारत नाही. वाइनचं नाव काढलं तर "तिथे वाइनपण होते का?" म्हणतात. माझी तळपायाची आग मस्तकात जाते. त्या बेटाच्या मातीत काय पिकतं हे बघायला मी गेले होते, आणि ते मला धड बघू द्यायचं नाही असा जणू सगळ्यांनी चंग बांधला होता.

आमचं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. घरी द्राक्षबाग. लहानपणापासून खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, औषध फवारणी यातच वाढले. त्यामुळे सँटोरिनीच्या वेलींबद्दल वाचलं तेव्हापासून जायचं मनात होतं. नवऱ्याच्या ऑफिसातली दोन जोडपी सोबत आली, आणि घोळ तिथेच झाला. त्यांच्या मोबाइलमध्ये आधीपासून यादी तयार होती: निळ्या घुमटाचा फोटो, वाऱ्यावर उडणारा भाड्याचा लांब झगा घालून फोटो, इया गावातला सनसेट, बोटीवरचा सनसेट, कड्यावरच्या रेस्टॉरंटातला सनसेट. सूर्य एकच आहे हो! रोज मावळतो. कोकणात आणि गोव्यातही समुद्रातच मावळतो.

इयाला काय चालतं ते सांगते. गावाच्या टोकाला जुन्या किल्ल्याचे भग्न अवशेष आहेत. सूर्य मावळायच्या कितीतरी आधीपासून लोक तिथे भिंतीवर, पायऱ्यांवर, लोकांच्या घरांच्या गच्च्यांवर जागा धरून बसतात. दारावर 'खाजगी' अशी पाटी असली तरी आत शिरतात. गल्ली इतकी चिंचोळी की एक म्हातारी बाई भाजीची पिशवी घेऊन घरी जायला बघत होती, तिला कुणी वाट देईना. एका फोटोग्राफरनं तर तिलाच हात करून थांबायला सांगितलं, त्याची फ्रेम बिघडत होती म्हणून. तिच्या गावात, तिच्या दारासमोर! मी ओरडले त्याच्यावर. मराठीतच ओरडले, पण त्याला कळलं.

आणि सूर्य बुडाला की सगळे एकदम बसकडे पळतात. बेटावरची प्रत्येक बस फिरा गावातच येऊन मिळते. म्हणजे कुठेही जायचं तर आधी फिरा, मग पुढची बस. थांब्यावर रांग नाही, नुसती रेटारेटी. रात्री एम्पोरिओ गावात जेवायला जायचं आम्ही ठरवलं होतं, ते तिथेच बारगळलं. फिरात उतरलो तेव्हा पुढची बस निघून गेलेली, आणि आमची मंडळी कोपऱ्यावरच्या दुकानात पिझ्झा घेऊन उभी.

त्या बेटावर राहतात जेमतेम 15,000 लोक. 2023 मध्ये तिथे आले 34 लाख. त्यातले 13 लाखांच्या आसपास नुसते क्रूझ जहाजांतून. जहाज सकाळी खाली पाण्यात उभं राहतं, छोट्या होड्या माणसं जुन्या बंदरात आणून ओततात, मग ती केबल कारनं, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या चढून, नाहीतर गाढवाच्या पाठीवर बसून वर येतात. गाढवावर 100 किलोपेक्षा जास्त ओझं लादू नका असा नियम ग्रीस सरकारला 2018 मध्ये करावा लागला, यावरून काय ते समजा. चार-पाच तास फिरतात, फ्रिजवर लावायचे चुंबक घेतात, आइस्क्रीम खातात, परत जहाजावर जाऊन तिथल्या बुफेत जेवतात. बेटाच्या ताटातलं एक शित त्यांच्या पोटात जात नाही. जुलै 2024 मध्ये एका दिवशी जहाजांतून 11,000 माणसं येणार होती, तेव्हा तिथल्या एका स्थानिक पदाधिकाऱ्यानं फेसबुकवर रहिवाशांना सांगितलं की आज शक्यतो बाहेर हिंडू नका. बोंबाबोंब झाली, पोस्ट काढली गेली. पण बघा ना, राहणाऱ्यांनी घरात बसायचं, कारण पाहुणे येणार! आता 2025 पासून दिवसाला क्रूझच्या 8,000 प्रवाशांची मर्यादा आणि हंगामात माणशी 20 युरो शुल्क लावलंय. उशीर केला, खूप उशीर केला.

बरं, कड्यावरचं ते जेवण. टेबल आधी बुक करायचं, दोन तासांत उठायचं, माणशी अमुक एवढं बिल झालंच पाहिजे अशी अट. मेन्यूत काय? ट्रफल पास्ता, सुशी, क्लब सँडविच, सीझर सॅलड. पुण्यात मिळतं, दुबईत मिळतं, कुठेही मिळतं. खाली कोपऱ्यात एका ओळीत फाव्हा, म्हणजे तिथली पिवळी डाळ, लिहिलेला, तो मागवला. थंडगार, मिक्सरमधून काढलेली गुळगुळीत पिवळी पेस्ट, वर कसलीशी हिरवी पानं शोभेला. फाव्हा कुठला, बेटावरचाच का, असं वेटरला विचारलं तर त्याला ठाऊक नाही. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही, तो हंगामापुरता कुठून तरी आलेला पोरगा. राग मालकावर आहे. तुम्ही ताटात काहीही वाढा, लोक खिडकीबाहेर बघत बसणार हे त्याला पक्कं माहीत आहे. देखाव्याचे पैसे घ्यायचे आणि पोटाची फसवणूक करायची, हा त्याचा धंदा झालाय.

आणि मला सर्वांत जास्त चीड कशाची येते माहितीये? तो कडा आणि ते ताट एकाच गोष्टीतून आलंय. सुमारे 3,600 वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, डोंगराचा मधला भाग खचला, समुद्र आत शिरला. ज्या कड्यावर बसून तुम्ही फोटो काढता तो 300 मीटरचा कडा म्हणजे त्या खचलेल्या भागाची कड. आणि स्फोटातून जी राख, जो प्युमिस दगड बेटावर पडला, त्याच मातीत हे फाव्हा, टोमॅटो, द्राक्षं येतात. उन्हाळाभर तिथे पावसाचा थेंब नसतो. प्युमिस हा सच्छिद्र दगड, हवेतला रात्रीचा ओलावा धरून ठेवतो, त्यावर पिकं तगतात. एकाच स्फोटाचं हे लेणं. अर्ध्याकडे तोंड आणि अर्ध्याकडे पाठ करून बसायला तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?

फाव्हा म्हणजे काय ते तरी ऐका. ती आपल्या लाखेच्या कुळातली डाळ आहे. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत लाखोळी टाकतात ना, तिचीच चुलत बहीण. अक्रोतिरीला जे प्राचीन गाव राखेखाली गाडलं गेलं होतं, तिथे हेच दाणे सापडलेत. म्हणजे साडेतीन हजार वर्षं ही माणसं हीच डाळ खाताहेत. पुरातत्त्वज्ञ स्पिरिदॉन मारिनातोस यांनी 1967 मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं. दुमजली-तिमजली घरं, धान्याचे आणि तेलाचे रांजण, गटारं, भिंतींवरची चित्रं, सगळं आज छपराखाली जपून ठेवलंय. आमच्या यादीत अक्रोतिरी नव्हतं. "खंडहर काय बघायचे?" म्हणे. मी नवऱ्याला घेऊन गेले, ते लोक झग्याच्या फोटोला गेले.

खरा फाव्हा मला मिळाला पिरगोस गावाच्या बाजूला, आतल्या एका साध्या खानावळीत. समोर समुद्र नाही, रस्ता आणि एक अंजिराचं झाड. मातीच्या बशीत वाफाळती डाळ, घोटलेली पण दाणा किंचित हाताला लागेल अशी, त्यावर कच्चा कांदा, ऑलिव्ह तेलाची धार आणि केपर. केपर म्हणजे तिथल्या दगडी बांधांवर आपोआप उगवणाऱ्या झुडपाच्या कळ्या, मिठात मुरवलेल्या. आंबट-खारट, जिभेला चटका देणाऱ्या. त्यासोबत टोमॅटोचे वडे. तिथला टोमॅटो बोराएवढा, जाड सालीचा, पाणी न देता वाढवलेला, म्हणून चव इतकी दाट. एके काळी बेटावर टोमॅटो पेस्टचे कारखाने चालायचे, व्लिहादाला त्यातल्या एकाचं आता संग्रहालय झालंय. शेवटी पांढरं वांगं भाजून, आणि शेळीच्या दुधाचं ताजं, आंबूस चीज. बिल कड्यावरच्या बिलाच्या जवळपासही नव्हतं.

आणि आमच्यातले लोक म्हणतात, "ग्रीसमध्ये व्हेजला काही मिळत नाही." खोटं आहे हे! धादांत खोटं! ग्रीक लोकांचे उपवासाचे इतके दिवस असतात की मांस, अंडी, दूध यांपैकी काही नसलेल्या पदार्थांची एक अख्खी परंपरा त्यांच्या घराघरांत आहे. डाळी, भाज्या, भरलेली द्राक्षाची पानं, काय हवं ते. वेटरला एवढंच सांगायचं, उपवासाचं काय आहे ते दे, फक्त कोळंबी-माकूळ नको, त्यांच्या उपवासाला ते चालतं. पण आपल्या टूरवाल्यांनी लोकांना सवय लावली आहे की युरोपात कुठेही जा, संध्याकाळी पनीर आणि जिरा राइस मिळणारच. मला फिरात एक मराठी ग्रुप भेटला, साठीच्या पुढची गोड माणसं, चांगली खाणारी-पिणारी. सकाळी बोटीनं आणलं, संध्याकाळी परत नेणार. दुपारी जेवायला कुठे? तर पॅक केलेला पुलाव, बसमध्ये. फाव्हा ऐकूनसुद्धा माहीत नव्हता. एक काका म्हणाले, "आमच्या भंडाऱ्याला लाखेची डाळ रोज असायची हो." त्या माणसाला एक बशी फाव्हा कुणी खाऊ घातला असता तर केवढा आनंद झाला असता त्यांना! लाखो रुपये मोजून आलेत ते. कसली ही चोरी.

आता वेली. यावर बोलल्याशिवाय माझं समाधान व्हायचं नाही. आपल्याकडे मांडव किंवा वाय पद्धत, तारा, अँगल, ठिबक, खाली डॉगरिजचा खुंट. तिथे यातलं काही नाही. वेल जमिनीलगत गोल गोल गुंफून टोपली करतात, तिला कुलुरा म्हणतात. दर वर्षी छाटणीला नव्या काड्या त्या वेटोळ्यात विणायच्या. घड टोपलीच्या आत लपतो, वर पानांची सावली. एजियन समुद्रावरचा वारा असा बोचरा आणि वाळू उडवणारा की उभ्या वेलीची फुलं झडून जातील. मी गुडघे टेकून एका टोपलीत हात घातला तर बाहेर भणाणता वारा आणि आत निवांत गारवा. खोड माझ्या मांडीएवढं जाड, काळं, पिळवटलेलं. वेटोळं म्हातारं झालं की कापून टाकतात आणि त्याच मुळातून नवं फुटतं, म्हणून मुळं शतकांची आहेत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीनं युरोपभरच्या बागा खाल्ल्या, तेव्हापासून जवळजवळ सगळीकडे कलमी खुंट, म्हणजे कीड न लागणाऱ्या दुसऱ्या वेलीच्या मुळांवर केलेलं कलम, आले. या बेटाच्या मातीत चिकणमाती जवळजवळ नाहीच, म्हणून ती कीड इथे जगत नाही, आणि असिर्तिको ही तिथली द्राक्षाची जात आजही स्वतःच्याच मुळांवर उभी आहे. माझ्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. ते कितीतरी वेळ नुसते बघत होते.

आणि या वेली उपटल्या जाताहेत! बागेच्या मधोमध भिंत घालतात, पांढरा व्हिला उभा करतात, प्रत्येक खोलीला वेगळा पोहण्याचा तलाव. समोर तीन बाजूंनी समुद्र असताना तलाव! ज्या बेटावर गोडं पाणी मुख्यतः समुद्राचं पाणी गोडं करून मिळवावं लागतं, तिथे! 2023 आणि 2024 मध्ये उष्णता आणि दुष्काळानं द्राक्षाचं पीक फार कमी आलं. त्या टोपलीतल्या वेलीला वाटीभर पाणी कुणी द्यायचं नाही आणि शेजारच्या व्हिलात एका जोडप्याला तरंगत नाश्ता करता यावा म्हणून हौद भरून ठेवायचा. शेतकऱ्याच्या पोरानं का राबावं मग? वाकून वाकून कंबर मोडणारं काम आहे ते, मशीन चालत नाही तिथे. जमीन विकली की एका दिवसात सुटका. मी त्याला दोष देत नाही, आमच्याकडेही हेच होतंय. मी दोष देते तो तलावाची खोली हवीच म्हणून हट्ट धरणाऱ्याला. आमच्या ग्रुपनंही हट्ट धरला होता आणि तलावात कुणी उतरलं नाही, फक्त फोटो.

शेवटच्या दिवशी एका वाइनरीत जायला मी सगळ्यांना कसंबसं तयार केलं. तिथल्या बाईंनी आधी असिर्तिको दिली, धारदार, लिंबासारखी, मागे खारटपणा रेंगाळणारी. मग विन्सांतो. काढलेली द्राक्षं दोन आठवड्यांच्या आसपास उन्हात पसरून वाळवतात, आपल्या बेदाण्यासारखी, मग त्यांचा जो थोडासा दाट रस निघतो त्याची वाइन निदान दोन वर्षं लाकडी पिंपात ठेवतात. किती किलो द्राक्षांतून तो एक छोटा पेला आला असेल याचा हिशेब द्राक्षवाल्याच्या घरातल्या माणसालाच कळतो. बाई मनापासून सांगत होत्या. आणि आमच्यातल्या एकानं घड्याळ बघितलं, "चला, सनसेट जाईल," म्हणाला, आणि चौघं भरलेले पेले टेबलावर ठेवून उठले. त्या बाईंचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. मी इतकी चिडले होते की मला बोलता येईना. नवऱ्यानं त्यांना सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येत नाही. मग आम्ही दोघांनी त्या बाईंची माफी मागितली, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि पुढच्या खेपेला त्या चौघांसोबत कुठेही जायचं नाही हे तिथेच ठरवलं. गावी परतल्यावर त्यांनी सनसेटचे फोटो पाठवले. मी उघडलेसुद्धा नाहीत.