‘प्रबंध कपाटात, गाडी कोंडीत’ म्हणे!

सध्या एक संदेश फिरतोय: ‘वाहतुकीवरचं विद्यापीठीय संशोधन म्हणजे पदवीपुरता कागद. संगणकातला सिग्नल खऱ्या चौकात चालत नाही. उपयोगाचं जे झालं ते कंपन्यांनी केलं. आणि चुकून काही बाहेर आलंच, तर तोवर एक पिढी म्हातारी होते.’ खमंग आहे खरा. पण चारांपैकी एकच मुद्दा थोडाफार टिकतो.

पदवीपुरता कागद? सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये ब्रायन फेरिस आणि कॅरी वॉटकिन्स पीएचडी करत होते. बस आत्ता कुठे आहे हे थांब्यावरच्या माणसाला फोनवर कळावं, म्हणून फेरिसने २००८ मध्ये ‘वनबसअवे’ सुरू केलं. नंतर त्यांच्या चमूने थांब्यांवर जाऊन लोक प्रत्यक्ष किती वेळ ताटकळतात ते मोजलं, आणि किती वेळ उभे आहात, हेही विचारलं. नुसतं वेळापत्रक बघून आलेल्यांना वाट पाहणं जवळपास दहा मिनिटांचं वाटत होतं, फोनवर बस बघून आलेल्यांना साडेसात. मोजलेल्या वेळेतही सुमारे दोन मिनिटांची बचत निघाली, कारण ही मंडळी घरातून निघतच होती बसच्या बेताने. बसचा वेग तसूभरही वाढला नव्हता! आज्ञावली सगळ्यांना खुली ठेवली होती. न्यूयॉर्कच्या बससेवेने आपली थेट माहितीची व्यवस्था तिच्यावरच उभारली.

खऱ्या चौकात चालत नाही, याला उत्तर पिट्सबर्गमध्ये आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘सरट्रॅक’ प्रणाली २०१२ मध्ये तिथल्या नऊ चौकांत बसवली. प्रत्येक सिग्नल समोरची रांग बघून आपलं गणित स्वतः मांडतो आणि पुढच्या सिग्नलला कळवतो, ‘इतक्या गाड्या तुझ्याकडे येताहेत.’ प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्के घटला, थांबून राहण्याचा सुमारे ४० टक्के.

कंपन्यांचं म्हणाल, तर पैसा त्यांनी ओतला हे कबूल. पण माणसं कुठली? वाळवंटातली चालकविरहित गाड्यांची शर्यत २००४ मध्ये एकाही गाडीला पुरी करता आली नाही. २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची गाडी पहिली आली. त्या चमूचे प्रमुख सेबॅस्टियन थ्रुन यांनीच पुढे गूगलमध्ये अशा गाडीचा प्रकल्प उभा केला. याला ‘कंपनीने केलं’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

राहिला उशिराचा मुद्दा, तो मला मान्य आहे. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. ना सिग्नल, ना खड्डा, ना अपघात. तरी थोड्याच वेळात कोंडी झाली. एकाने जरासा वेग कमी केला की मागचा त्याहून थोडा जास्त कमी करतो, आणि ती लाट मागे मागे सरकत जाते. हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत तशाच गोलात संगणकाने हाकलेल्या एकाच गाडीने लाट शमते, हे पडताळलं गेलं २०१६ मध्ये. वाहत्या महामार्गावर, नॅशव्हिलजवळ, अशा शंभर गाड्या उतरल्या २०२२ मध्ये. म्हणजे चौदा वर्षं. पण गोल रस्त्यावर गणित चुकलं तर प्रयोग पुन्हा करता येतो. महामार्गावर शेजारच्या गाडीत बसलेल्याला आपण प्रयोगात आहोत हे ठाऊकही नसतं.