थायमसवर टकटक करून इम्युनिटी वाढत नाही

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. छातीच्या मधल्या हाडावर रोज सकाळी बोटांनी टकटक करा, मागच्या पोकळीतली थायमस ग्रंथी जागी होते, इम्युनिटी वाढते, छातीतलं दडपण जातं, आणि डॉक्टर हे सांगत नाहीत कारण त्यांचा धंदा बुडेल. काकांनी टाकला, खाली सगळ्यांनी हात जोडले. काका, राग मानू नका, पण मावशीचं ऑपरेशन त्याच जागेत झालंय, मला गप्प बसवत नाही.

आधी ते पोकळीचं. तिथे पोकळी बिकळी काही नाही. हाडामागे चरबी, लिम्फच्या गाठी, थायमस, आणि लगेच हृदयाचं आवरण. हाडाच्या दोन्ही कडांना साधारण बोटभर अंतरावरून आतून एकेक रक्तवाहिनी खाली उतरते, बायपासला बऱ्याचदा वापरतात ती त्यातलीच डावीकडची. जागा इतकी चिंचोळी की एकदा छाती उघडलेल्या पेशंटचं दुसरं ऑपरेशन असलं तर सर्जन आधी सीटी बघून घेतात, कारण हृदयाचा उजवा कप्पा हाडाला आतून चिकटून बसलेला असू शकतो आणि हाड कापताना करवत सरळ त्यात जायची भीती असते.

ग्रंथी "जागी होते" म्हणे. ती झोपलेली नसते हो, आटलेली असते. तान्ह्या बाळाच्या एक्सरेत ती शिडासारखी पसरलेली दिसते, टी पेशी, म्हणजे इम्युनिटीच्या लढाऊ पेशी, तिथेच तयार होतात, पण वयात आल्यावर ती हळूहळू आटते आणि तिच्या जागी चरबी येते. हाडावर टकटक केल्याने ती परत भरत नाही. मात्र मोठ्या माणसात ती अगदीच निकामी असंही नाही, २०२३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात थायमस काढलेल्या लोकांमध्ये पुढच्या पाच वर्षांत मृत्यूचं आणि कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून गरज नसताना ती काढू नये हे खरं, पण त्यातून टकटक सिद्ध होत नाही.

डॉक्टर लपवतात म्हणावं तर थायमसचं खरं काम जॅक मिलर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये छापून जगाला सांगितलं. त्याआधी डॉक्टरांची मोठी चूक झाली होती, बाळाची थायमस मोठी दिसली की तिच्यामुळे बाळ गुदमरेल असं समजून अमेरिकेत धडधाकट बाळांना रेडिएशन दिलं गेलं आणि त्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. तीही चूक डॉक्टरांनीच उघडपणे लिहून ठेवलीय.

आता इम्युनिटी. मावशीची संध्याकाळ झाली की डावी पापणी खाली यायची, भाकरीचे चार घास झाले की जबडा थकायचा, मग ती हनुवटीखाली हात धरून चावायची. आम्ही सगळे म्हणत राहिलो, थकवा असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. निघाला मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे तिची स्वतःची इम्युनिटीच नस आणि स्नायू जिथे जोडतात तिथे हल्ला करत होती. सीटीत छातीच्या हाडामागे थायमोमा, म्हणजे थायमसचीच गाठ दिसली, या आजारात शंभरातल्या दहा-पंधरा जणांना ती सापडते. अशा माणसाला "इम्युनिटी वाढव" सांगणं केवढं चुकीचं आहे बघा. गाठ नसली तरी काही पेशंटना थायमस काढून फायदा होतो, २०१६ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ते दिसलंय.

सगळ्यात धोक्याचं वाक्य दडपणाचं. छातीच्या मधोमध दडपण, घाम, कळ जबड्यात किंवा हातात जातेय, तर ते हृदयाचं असू शकतं, तेव्हा १०८ ला फोन लावायचा आणि लगेच ईसीजी करायचा, टकटक करत वेळ घालवायचा नाही. कधी गळ्यातलं थायरॉइड वाढत हाडामागे उतरतं, मग दोन्ही हात वर करून धरले की चेहरा लाल होतो, श्वास अडकतो. तेही दाखवायलाच हवं.

आणि अण्णा ग्रुपवर आहेत, त्यांच्या बायपासला पाचच आठवडे झालेत. तारांनी शिवलेलं हाड जुळायलाच सहा ते आठ आठवडे लागतात. काल त्यांनी मला पर्सनलवर विचारलं, दिवसातून किती वेळा टकटक करायची म्हणून. काका, मेसेज डिलीट करा आणि त्यांना तुम्ही स्वतः फोन करून नको म्हणून सांगा, ते तुमचं ऐकतात.