एक अक्षर उरलेलं गाव

"शनिवारी पेलाला जाऊया," असं आईला सांगितलं तेव्हा तिने हातातलं भांडं खाली ठेवून विचारलं, "पेलो? पाण्याचो?" मग मी नकाशा उघडून दाखवला. डे मॉइनपासून गाडीने तासाभराच्या आत, आग्नेयेला. आयोवातलं जेमतेम साडेदहा हजार वस्तीचं गाव, डच लोकांनी वसवलेलं. डच म्हटल्यावर आई एकदम सावरून बसली. "म्हंजे आपल्या वखारीवाले?"

आम्ही वेंगुर्ल्याचे. आमच्याकडे डच म्हणजे वखार. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेली. विजापूरकरांच्या मुलखाशी व्यापार करायला आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला त्यांना वेंगुर्ला सोयीचं होतं. शिवकाळाचा अभ्यास करणारे आजही डचांची पत्रं चाळतात. आम्हा पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पडक्या भिंती, त्यांच्यातून वर आलेली झाडं आणि संध्याकाळी तिकडे जायचं नाही ही घरातली ताकीद, एवढीच आमची वखार. व्यापारी आले, गेले, भिंती राहिल्या. त्याच देशाची माणसं दोनशे वर्षांनी शेती करायला दुसऱ्या टोकाला निघाली आणि कायमची राहिली, हे आईला दाखवायचं होतं. ती तीन महिन्यांसाठी आली आहे, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेलात ट्युलिप टाइम असतो.

वाटेत दोन्ही बाजूंना नुसती काळी माती. मक्याची पेरणी चालू होती. सोळा-सोळा, चोवीस-चोवीस ओळी एका फेरीत पेरणारी अवजड यंत्रं आणि माणूस मात्र एक. ज्या बाईने आयुष्यभर चार गुंठ्यांच्या कोपऱ्यात भात लावलं, ती खिडकीतून बघत राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बांधच नाय गो खंय."

हे बांध नसलेलं रान कुणाचं होतं, तेही सांगायला हवं. सॉक आणि मेस्क्वाकी या इथल्या मूळ जमातींच्या लोकांचं. १८४२ च्या तहात त्यांच्याकडून ही जमीन काढून घेतली गेली, आणि पाच वर्षांत, १८४७ साली, हेन्द्रिक स्खोल्टं नावाचे पाद्री सुमारे ८०० माणसं घेऊन इथे पोचले. नेदरलँड्समध्ये सरकारी चर्चमधून बाहेर पडलेल्यांचे हे पुढारी. १८३४ पासून तिथे या लोकांना दंड झाले, तुरुंग झाला. वीसपेक्षा जास्त जणांनी प्रार्थनेला जमायचं तर परवानगी लागायची. त्यात १८४५-४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला. चार जहाजांनी बॉल्टिमोर, तिथून सेंट लुईस, मग मिसिसिपीतून वर कीओकक आणि पुढे बैलगाड्या. सुमारे १८,००० एकर जमीन घेतली, सरकारी भाव होता एकरी सव्वा डॉलर. पहिला हिवाळा बऱ्याच जणांनी मातीच्या ढेकळांच्या, गवताने शाकारलेल्या खोपट्यांत काढला. छळ सोसणाऱ्या जुन्या ख्रिस्ती लोकांना जॉर्डन नदीपलीकडच्या ज्या गावाने आसरा दिला, त्याचं नाव पेला, तेच त्यांनी इथे दिलं. म्हणजे आसऱ्याचं गाव. आसरा मागत आलेल्यांना मिळालेली जमीन दुसऱ्या कुणाला घालवून मोकळी केलेली होती, ही गोष्ट मला त्या सुंदर चौकात उभी असतानाही विसरता आली नाही.

स्खोल्टं यांच्या पत्नी मारेया यांची एक गोष्ट गावात सांगतात. त्यांनी डेल्फ्टची निळी चिनीमातीची भांडी पिंपांत भरून आणली होती. इथे पिंपं उघडली तर बहुतेक भांडी फुटलेली. त्यांनी ते तुकडे टाकले नाहीत, दारासमोरच्या पायवाटेत बसवले म्हणे. आईला ही गोष्ट एवढी भावली की घरी आल्यावर तिने माझ्या बहिणीला फोनवर पहिली तीच सांगितली.

गाव देखणं आहे, खरंच देखणं. चौकातल्या दुकानांचे माथे डच धाटणीचे, पायऱ्या-पायऱ्यांचे. ही धाटणी राखायचा गावाचा नियमच आहे. चौकाजवळच १२४ फूट उंचीची पवनचक्की. ती जुनी नाही, २००२ ची. भाग नेदरलँड्समध्ये बनवले आणि इथे आणून जोडले. पण ती शोभेची नाही, वाऱ्यावर खरोखर गहू दळते. आत शिरल्यावर पिठाचा वास आला आणि आईने दगडाच्या तळीला हात लावून पाहिला. टाकी लावलेल्या रेघा तिने लगेच ओळखल्या. "जातां," ती म्हणाली. "ह्येका टाकी कोण लावता?" तिथल्या माणसाला मी विचारलं, आणि त्यानेही मोठ्या आनंदाने तळीला टाकी कशी लावतात ते हातवारे करून सांगितलं. पाच मिनिटं दोघं एकमेकांची भाषा न जाणता जात्यावर बोलत होते, मी मध्ये फक्त उभी होते.

मिरवणुकीच्या आधी एक प्रकार असतो. जुन्या पोशाखातला नगराध्यक्ष सभासदांसह रस्त्याची पाहणी करतो, रस्ता घाणेरडा आहे असं जाहीर करतो, आणि मग गावकरी रस्ता धुवायला उतरतात. लाकडी बूट, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या टोप्या, खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना बादल्या. शाळकरी मुलं, त्यांचे आईबाप, सत्तरीच्या बायका, सगळे लांब दांड्याचे झाडू घेऊन रस्ता घासतात. डांबरी रस्त्यावर त्या लाकडी बुटांचा खडखड आवाज, पाण्याचे लोट, ओल्या रस्त्याचा वास. आई उठून उभी राहिली. "ह्ये तर आमच्यासारखो सडो घालतत गो!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही गलबलून आलं. सणाच्या दिवशी आधी अंगण, हे कुठल्याही कष्टाळू गावाला सांगावं लागत नाही.

याच आनंदात आईने मला पुढे केलं. शेजारी नक्षीदार लेसची टोपी घातलेल्या एक आजी बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. आई म्हणाली, "तिका इचार, तुमच्या भाषेत 'जेवलंस काय' कसा म्हणतत?" मी विचारलं. आजी हसल्या. म्हणाल्या, माझी आजी बोलायची डच, मला नाही येत. मग जरा थांबून म्हणाल्या, जेवणाआधीचं येतं. डोळे मिटून त्यांनी म्हटलं, "हेअर, झेखन देझे स्पाइझे, आमेन." प्रभो, या अन्नाला आशीर्वाद दे. आपल्याकडे पानावर बसलेल्या पोराने पाठ केलेलं म्हणावं तसं, एका सुरात, एका दमात. यातला कुठला शब्द कशाचा, ते त्यांनी आधीच सांगून टाकलं की ठाऊक नाही.

आईने माझ्याकडे बघून विचारलं, "ह्येंची भाषा खंय गेली?"

आल्यापासून मी याच प्रश्नाचं उत्तर शोधत बसले आहे. एक कारण इतिहासात नोंदलेलं आहे. पहिल्या महायुद्धात, २३ मे १९१८ रोजी, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, सार्वजनिक जागी, आगगाडीत, टेलिफोनवर इंग्रजीच बोलायची. चर्चमधलं प्रवचनसुद्धा इंग्रजीत. ज्यांना कळत नसेल त्यांनी घरी प्रार्थना करावी. राग जर्मनीवर होता, पण फर्मानाने डच, नॉर्वेजियन, चेक कुणालाच वगळलं नाही. डचांचा देश तर त्या युद्धात तटस्थ होता. फोनवर जर्मन बोलल्याबद्दल शेतकरी घरातल्या बायकांना दंड झाला. ज्यांनी प्रार्थनेसाठी देश सोडला त्यांच्या नातवंडांना प्रार्थनेची भाषा बदला म्हणून सांगितलं गेलं. मला हा अन्याय वाटतो, आणि तो शंभर वर्षांपूर्वीचा असल्याने कमी होत नाही.

पण सगळं खापर त्या फर्मानावर फोडणं बरोबर नाही. युद्ध संपताच ते मागे घेतलं गेलं. १८६१ मध्ये सुरू झालेलं गावातलं डच साप्ताहिक त्यानंतरही वीसेक वर्षं निघत होतं, १९४२ पर्यंत. गावातल्याच सेंट्रल कॉलेजातल्या फिलिप वेबर यांना १९८० च्या दशकातही गावात पेलाची डच बोलणारी म्हातारी माणसं भेटली. दुसऱ्या बाजूने बघा तर खुद्द स्खोल्टं यांनी १८५५ मध्येच गावात वर्तमानपत्र काढलं ते इंग्रजीत. पुढे जायचं तर इंग्रजी, हे संस्थापकालाच पटलेलं होतं. भाषा एका फटक्यात गेली नाही. दुकानात गेली, मग शाळेत, मग चर्चमध्ये, शेवटी स्वयंपाकघरातूनही गेली. आणि ट्युलिप टाइम सुरू झाला तो १९३५ मध्ये, भाषा घरातून निघायला लागली होती त्या काळात. पहिल्या वर्षी कंद लावायला वेळच नव्हता, म्हणून लाकडाची ट्युलिपं करून रोवली होती. खरी फुलं नंतर आली.

बेकरीच्या रांगेत आम्ही पाऊण तास उभ्या होतो. यार्समा बेकरी, १८९८ पासूनची. इथे 'डच लेटर' मिळतं: खुसखुशीत पापुद्रे, आत बदामाचं ओलसर सारण, वरून साखर, आकार इंग्रजी एस अक्षराचा. नेदरलँड्समध्ये डिसेंबरात सिंटरक्लासच्या सणाला अशी अक्षरं करतात, घरातल्या माणसांच्या नावाची आद्याक्षरं. इथे मात्र काचेच्या कपाटात एकाखाली एक नुसते एस. सोबत आलेल्या माझ्या लेकीने विचारलं, माझ्या नावाचं नाही का मिळणार? नाही मिळणार. वर्षानुवर्षं, हजारोंनी, एकच अक्षर. पदार्थ इतका चविष्ट होता की आम्ही सहा घेतले, पण माझा घास घशात अडकला, हे लपवून काय करू.

कारण मी आमच्याकडेच बघत होते. लेक शाळेत जायला लागली तेव्हा एका शिक्षिकेने सल्ला दिला होता, घरी इंग्रजी बोला म्हणजे तिला सोपं जाईल. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी ऐकलं, ही चूक माझी. आज ती अकरा वर्षांची आहे. मराठी कळते, उत्तर इंग्रजीत येतं. मालवणी तर तिने आजीच्या तोंडूनच ऐकलेली. गणपतीत नऊवारी नेसते, लेझीम सुंदर खेळते. गेल्या वर्षी नाटुकल्यात काम केलं, तेव्हा तिचे संवाद मी रोमन अक्षरांत लिहून दिले आणि तिने ते पाठ केले. टाळ्या पडल्या. पेलातल्या त्या आजींची प्रार्थना ऐकताना मला ते कागद आठवले.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना म्हणूनच कळकळीने सांगते आहे. उत्सव कमी करा असं मी म्हणणार नाही. पेलाच्या माणसांनी नव्वद वर्षं हा सोहळा जिवापाड जपला, पोरासोरांसकट रस्त्यावर उतरून, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत रविवारची झोप सोडून शिकवणाऱ्या मंडळींचे तर उपकार आहेत. पण उत्सवात भाषा मंचावर असते, आणि मंचावरचं पाठ करता येतं. "मीठ दे", "मोजे कुठे टाकलेस", "पाय दुखतोय का", हे पाठ करून येत नाही. आपल्या मंडळांच्या सभा इंग्रजीत चालतात. लेझीमच्या सरावात "लेफ्ट, राइट" चालतं. मोदक वळताना पोरांना सूचना इंग्रजीत. जिथे हाताने काम चाललं आहे तिथेच आपण मराठी सोडतो आणि मंचावर गेलो की आणतो. मी यंदा आमच्या गणपतीच्या पहिल्या बैठकीत एवढंच मागणार आहे: सरावाच्या सूचना मराठीत द्या आणि मुलांचे संवाद देवनागरीत लिहा. त्यांना वाचायला वेळ लागला तर लागू दे.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. ज्या मेस्क्वाकींना इथून घालवलं, त्यांच्यातल्या काहींनी १८५७ मध्ये परत येऊन टामा काउंटीत स्वतःच्या पैशाने ८० एकर जमीन विकत घेतली. पेलापासून फार लांब नाही. तिथे त्यांची भाषा बोलणारी माणसं आजही आहेत, आणि ती टिकावी म्हणून ते झगडत आहेत. पुढच्या महिन्यात आईला तिकडे घेऊन जायचा विचार आहे.

सध्या घरात आईने नियम केला आहे की सकाळी तिच्याशी मालवणीतच बोलायचं. परवा लेक दप्तरासकट धावत परत आली आणि दारातूनच ओरडली, "आजी, बस चुकलो!"

"चुकली," आई चुलीकडून न वळताच म्हणाली. "बस चुकली."

"चुकली," लेक म्हणाली, आणि मी गाडीची किल्ली शोधायला लागले.