आधी बाहेर कोण निघणार?

मुंबईत थंडी पडल्याची वर्दी डांबरगोळ्या देतात. लोकलमध्ये शेजारच्याच्या स्वेटरला तो वास यायला लागला की समजावं, पारा घसरला. आम्ही मनोरीचं कॉटेज ठरवलं ते ऑक्टोबरच्या उकाड्यात, घाम पुसत. त्यामुळे जानेवारीत मार्वेच्या जेट्टीवर आम्ही चौघं हाफ पँटमध्ये, आणि फेरीबोटीतली बाकीची माणसं कानाला मफलर गुंडाळून आमच्याकडे बघतायत.

नागपूरकर तेवढा खुशीत होता. ‘याला थंडी म्हणता का बे?’ असं तो संध्याकाळभर म्हणाला आणि रात्री दोन चादरी एकटाच घेऊन झोपला. दवाने भिजलेल्या झावळ्यांची शेकोटी धूर सोडून काही देईना. बंड्याने धीर दिला, ‘२२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश होतं. त्या मानाने आज काहीच नाही.’ अशा माणसाला सहलीला नेऊ नये.

झोप नव्हतीच, म्हणून पहाटे किनाऱ्यावर गेलो. शाळेत पाठ केलेले मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, हे पाठीला पहिल्यांदाच नीट समजलं. बंड्याने पाण्यात पाय घातला आणि ओरडला, ‘अरे, कोमट आहे!’ खरंच होतं. जमीन रात्रीत निवते, समुद्र इतक्या लवकर निवत नाही. टॉवेल वाळूत टाकून सगळे गळ्यापर्यंत पाण्यात शिरलो. काय सुख!

हे सुख कान ओला होईपर्यंतच. मी उभा राहून पाहिलं. छातीवर वारा लागला आणि तसाच परत खाली बसलो. मग टॉवेल आणायला कोणी जायचं यावर चर्चा. वयाने लहान कोण, लग्न न झालेलं कोण, कॉटेजचा ॲडव्हान्स कोणी भरला, सगळं निघालं. ‘नागपूरकरा, तुला तर ही थंडीच नाही ना?’ तो म्हणाला, ‘आमच्याकडे कोरडी असते.’

ऊन आलं की निघू, असं ठरलं. पण मनोरीचा किनारा पश्चिमेकडे. सूर्य यायचा तो पाठीमागच्या झाडांवरून, सावकाश, सरकारी कामासारखा. त्यात ओहोटी लागली. गळ्याशी असलेलं पाणी कमरेला आलं, तसे आम्ही उकिडवे बसलो. आणखी ओसरलं तसे पालथे पडलो. शेवटी वीतभर पाण्यात चार चाळिशीचे गृहस्थ हनुवटी टेकून आडवे.

वर बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळीण मावशी बराच वेळ बघत होत्या.

‘काय रे पोरांनो, काय हरवलंय का?’

‘नाही मावशी. तेवढे टॉवेल फेका ना!’

त्यांनी टॉवेलांकडे पाहिलं, हातातल्या पाटीकडे पाहिलं.

‘पडा तिथंच. ऊन आलं की तुम्हीपण वाळाल.’