दर्शनी भागावर बंधन हवंच, पण मालकाला एकटं सोडून नको

वाईत आणखी एक वाडा उतरवायला घेतलाय. खांब-तुळया टेम्पोत भरून गेल्यासुद्धा. मालकाला शिव्या घालणाऱ्या पोस्ट वाचतोय, म्हणून लिहितो. मी स्वतः गावठाणातल्या वाड्यात राहतो. जुन्या आळ्यांत घराचा दर्शनी भाग बदलायला बंधन असलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण बंधन घालणाऱ्यानं खर्चातला वाटाही उचलायला हवा.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२चं, ते कुणी पाडणार नाही. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा बघायला लोक लांबून येतात, तोही राहील. जातायत ती मधल्या आळीतली, गणपती आळीतली साधी घरं. घडीव दगडाचं जोतं, दिंडी दरवाजा, वर लाकडी सज्जा. पसरणी घाट चढला की महाबळेश्वर-पाचगणीला २००१ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून केंद्राच्या अधिसूचनेचं संरक्षण आहे. खालच्या कृष्णाकाठाचीही तेवढीच काळजी व्हायला हवी.

हेरिटेज यादी म्हटलं की लोक धास्तावतात. वाडा सरकारजमा होईल, विकता येणार नाही, असं वाटतं. राज्याच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत वारसा इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिलीत जवळपास हात लावता येत नाही, दुसरीत आतले बदल कडक तपासणीनंतर करता येतात, तिसरीत आतबाहेर बरीच मोकळीक आहे. यादीत नाव आलं म्हणून मालकी जात नाही. आमच्यासारखी घरं तिसरीतच बसावीत. म्हाताऱ्या आईसाठी माजघराशेजारी बाथरूम काढायला वारसा समितीपुढं कशाला जायचं?

खरं दुखणं दुरुस्तीचं आहे. माती-विटांच्या भिंतीला चुनाच लागतो, कारण चुन्यातून ओल बाहेर पडते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजत जाते. पूर्वी चुन्याच्या घाण्यावर मळलेल्या चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी घालायचे. आता तो चुना मळणारा गवंडी शोधूनही मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. त्यात भाऊबंदांची सात-आठ नावं प्रॉपर्टी कार्डावर, आणि जुन्या भाडेकरूचं भाडं एवढं की त्यात दोन पोती चुना येणार नाही. मग कौलं सरकतात, कडीपाट, म्हणजे लाकडी छत, गळतो, पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस येते. पाडायचा रस्ता तिथून सरळ आहे. ज्याला वाडा घालवायचाच आहे, त्यानं फक्त दुरुस्ती करायची नाही, एवढंच पुरतं. नियम कितीही कडक करा, ही पळवाट उघडीच राहणार.

म्हणून माझं मागणं असं: नोटीस काढण्याआधी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्यानं वाडा आतून बघावा. दर्शनी भाग जपणाऱ्याची घरपट्टी माफ करावी. कौलं-तुळया बदलायची परवानगी पंधरा दिवसांत मिळावी. गमावलेल्या एफएसआयच्या, म्हणजे जागेवर जेवढं बांधता आलं असतं त्याच्या, बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधण्यासाठी विकता येणारा हक्क, देतो म्हणतात, पण आमच्या एवढ्याशा गावात तो विकत घेणार कोण? त्यापेक्षा चुन्याच्या कामाला रोख अनुदान द्या. इथल्या नगरसेवकांनी हा विषय सभेत घ्यावा, वाडेवाले आम्ही सगळे हजर राहू.