पर्यायाकडे बघितलं की गणित बाटतं का?

लातूर-नांदेडकडच्या भरतीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘अंदाजानं उत्तर काढणं म्हणजे तुक्का. पेपर काढणारे पर्याय जवळजवळ देतात. आधी पूर्ण गणित सोडवा, मगच पर्याय बघा.’ लेकरं हे प्रमाण मानून चाललीत, म्हणून लिहितोय.

तुक्का कशाला म्हणता? मोंढ्यावर १९ क्विंटल ६० किलो सोयाबीन घातलं, भाव ४,८९२. शेतकरी मनातच धरतो : वीस क्विंटलचे ९७,८४०, त्यातून चाळीस किलोचे दोन हजाराला थोडे कमी वजा. म्हणजे पंच्याण्णव हजार आठशेच्या पुढं. हमाली-तोलाई कापायच्या आधीच पट्टीवर ९३,८८३ दिसले, तर तो आडत्याला तिथंच धरतो. बरोबर रक्कम ९५,८८३. तुक्क्यात आकडा आला कुठून हे सांगता येत नाही. अंदाजात किती वाढवलं, किती सोडलं याचा हिशेब असतो.

पर्याय जवळजवळ असतात म्हणे. असतीलही, पण बघितल्याशिवाय कळणार कसं? ४८.७ × २१.३ ला ९३७.३१, १०३७.३१, ११३७.३१, १२३७.३१ असे पर्याय घ्या. शेवटचे अंक सगळीकडे सारखेच, तिथून काही हाती लागत नाही. पण ५० × २१ = १०५०, आणि तेही जरासं जास्त, कारण ५० करताना अडीच टक्क्यांच्या वर वाढवलं, २१ करताना दीड टक्काही सोडला नाही. उत्तर १०३७.३१.

३८७ × ५२ ला मात्र २०११४, २०१२४, २०१३४, २०२२४ दिले, तर अंदाज हात टेकतो, हे कबूल. तिथं दुसरी युक्ती : ३८७ च्या अंकांची बेरीज १८, म्हणजे ९ नं भाग जातो; मग गुणाकारालाही जायलाच हवा. जातो फक्त २०१२४ ला.

‘आधी पूर्ण सोडवा’ म्हणणाऱ्यानं पोलीस भरतीचा पेपर आठवावा : ९० मिनिटांत १०० प्रश्न. आणि जिथं चुकीला पाव गुण कापतात, तिथं चार पर्यायांत डोळे झाकून मारलं तर एका गुणाच्या प्रश्नामागं सरासरी १/१६ गुण पदरात पडतो. अंदाजानं दोन पर्याय खात्रीनं बाद केले, तर ३/८. सहापट!

भागून उरणाऱ्या बाकीची गणितं अंदाजानं सुटत नाहीत, तेवढं खरं. ६, ८, १२ नं भागून ५ उरणारी, ५ हून मोठी अशी लहानात लहान संख्या विचारली आणि पर्याय २४, २९, ५३, ७७ असतील, तर लहानापासून एकेक भागून बघा. २४ ला बाकीच उरत नाही, २९ बसतो. झालं, आणि तेही पर्याय बघूनच.