तिखट रक्तात नसतं

संक्रांतीपासून आमच्या नात्यागोत्यात एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जिभेवर प्रत्येक चवीचा कप्पा ठरलेला असतो. टोकाला गोड, कडांना आंबट-खारट, मागे कडू आणि मधोमध तिखट. सोलापूरकराच्या रक्तातच तिखट, म्हणून त्याचा मधला कप्पा जन्मतःच मोठा. सर्दी झाली की जीभ मरते, म्हणून जेवण बेचव लागतं. आणि शेवटी, ज्या सोलापुरी पोराला तिखट सोसत नाही त्याची जीभ आईबापांनी लाडाने झोपवलीय. एकदा दणकून तिखट चारा, जागी होईल.

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसले नसते. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या संक्रांतीच्या जत्रेच्या, दिवसांत घरी आलेल्या एका पाहुण्यांनी ते खरं मानून माझ्या पाच वर्षांच्या लेकीच्या तोंडात शेंगाचटणीचा घास कोंबला. हेतू वाईट नव्हता. पण ती तासभर रडत होती, आणि पुढचे पंधरा दिवस लाल दिसणारं काहीही, अगदी टोमॅटोचं सारसुद्धा, तिने तोंडात घेतलं नाही.

आधी कप्प्यांचं बघू. हा नकाशा एका चुकीच्या वाचनातून जन्मला. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन शास्त्रज्ञाने मोजलं की जिभेच्या कडेवर काही ठिकाणी काही चवी किंचित लवकर कळतात. किंचितच. १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी आपल्या पुस्तकात ती मोजमापं अशा आलेखात मांडली की तो किरकोळ फरक वाचणाऱ्यांना प्रचंड वाटला, आणि पुढे त्याचे कप्पे झाले. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजून पाहिलं. फरक नगण्य निघाला, सगळ्या चवी सगळीकडे कळत होत्या. खात्री करायची असेल तर जिभेच्या टोकाला मिठाचा खडा लावा. आणि जिथे तिखटाचा मोठा कप्पा सांगितलाय, त्या जिभेच्या मधोमध स्वादकलिका सर्वांत विरळ असतात. उमामी, म्हणजे रश्शासारखी भरदार, ही पाचवी चव तर मेसेजमध्ये नाहीच. रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ती टोकियोत १९०८ मध्येच ओळखली होती.

पण खरी गोम तिखटात आहे. तिखट ही जिभेची चव नाही. इथे कुणी षड्रसांची आठवण करून देईल, आणि ते रास्तच आहे: आयुर्वेदातला कटू रस म्हणजे आपलं तिखट. रस ही अनुभवाची वर्गवारी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. शरीरात मात्र मिरचीतलं कॅप्सायसिन स्वादकलिकांकडे जात नाही, ते वेदना आणि उष्णता सांगणाऱ्या चेतातंतूंवरच्या एका ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो ग्राहक १९९७ मध्ये शोधला, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. हाच ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेनेही जागा होतो, म्हणून मिरची 'भाजते'. मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लागला की डोळा पेटतो, तिथे कुठली आली स्वादकलिका? म्हणजे माझी लेक नखरे करत नव्हती. तिला खरोखर दुखत होतं. (अशा वेळी पाणी पाजून उपयोग होत नाही, कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही द्या.)

मग आपण मोठी माणसं कडक भाकरीबरोबर चटणी चवीने कशी खातो? सवयीने. कॅप्सायसिन वारंवार लागत राहिलं की ते चेतातंतू बोथट होतात. १९८० च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यात हे जवळून पाहिलं. तिथली मुलंही जन्मतः तिखट खात नव्हती. मोठ्यांना खाताना बघत, थोडं थोडं चाखत, कुणी बळजबरी न करता ती तिखटाकडे वळत होती. त्याच गावातली कुत्री-डुकरं तेच तिखट उष्टं रोज खायची, पण त्यांच्यात तिखटाची आवड काही आढळली नाही.

रक्ताच्या गोष्टीला तर आपली शेंगाचटणीच उत्तर देते. शेंगदाणा अमेरिका खंडातला, मिरचीही तिकडचीच. दोन्ही आपल्याकडे आल्या त्या १४९२ नंतरच्या समुद्रप्रवासांमुळे. बाराव्या शतकात, सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या काळात, इथलं तळं खोदणाऱ्यांच्या भाकरीवर ना मिरची होती ना दाण्याचं कूट. झणका हवा असेल तर मिरी, पिंपळी, आलं. जे पाचशे वर्षांपूर्वी ताटातच नव्हतं, ते रक्तात कुठून येणार?

जन्मजात काहीच नसतं असं मात्र मी म्हणणार नाही. गोडाला बाळ ओठ चाटतं, कडूला तोंड वाकडं करतं, हे जन्मतःच असतं. १९३१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत एक भुकटी उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सना काहीच नाही. हा फरक बराचसा एका जनुकातून येतो. तेव्हा एकाच ताटातलं कारलं दोन भावंडांना वेगवेगळं लागू शकतं, आणि दोघंही खरंच सांगत असतात.

सर्दीत जीभ मरत नाही, नाक चोंदतं. घास चावताना त्याचा गंध घशामागून नाकात चढतो आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा तोच असतो. नाक घट्ट दाबून शेंगाचटणी खाऊन बघा: मीठ कळेल, आग कळेल, पण भाजलेला दाणा आणि लसूण गायब. नाक सोडलं की दोन्ही परत येतात. माणसाच्या नाकात गंधाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. हुरड्याच्या आगटीचा वास आला की अख्खं शेत डोळ्यांपुढे उभं राहतं, ते त्यांच्या जोरावर.

आणि चवीचं हे शिक्षण आईच्या पोटातच सुरू होतं. संशोधक ज्युली मेनेला यांच्या २००१ च्या अभ्यासात काही आयांनी गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतला होता. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची चव असलेलं खाणं कमी तोंडं वेडीवाकडी करत खाल्लं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतलं मूल अंबाडीच्या आंबटपणाला लवकर रुळतं, त्यामागे आईचं ताटही असणार असं मला वाटतं.

राहिलं 'दणकून चारा'. नवा पदार्थ मुलाच्या ओळखीचा व्हायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, चिमूटभर, कसलीही सक्ती न करता. सक्तीने भरवलेलं मुलांना उलट जास्त नावडतं, हेही लहान मुलांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

आमच्याकडे सध्या अंबाडी चालू आहे. काल सहावी वेळ होती. लेकीने भाजीचा वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि वाटी सरकवली. मी ती काही न बोलता उचलली. गुरुवारी पुन्हा अंबाडी आहे.